साक् बिडरी

कोल्हापूरहून रात्री बेळगावला परत येताना कोगनोळीच्या टोलनाक्याअलीकडं चहाला थांबलो होतो. टपरीवाल्यानं दाराशी पांढराफेक एलईडी दिवा टांगलेला आणि माझी काळी गाडी नेमकी त्याच्याखाली लागलेली. चहाचा ग्लास बॉनेटवर ठेवायला वाकलो आणि हात तिथंच थांबला. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक चऱ्यांची वर्तुळं होती, एकात एक, शेकड्यांनी, कोळ्यानं जाळं विणावं तशी. मी डावीकडं सरकलो, जाळंही सरकलं. उजवीकडं आलो, तेही माझ्या मागं आलं.

"काय हुडकुलालास?" बरोबरच्या मित्रानं विचारलं. "किल्ली पडली काय?"

"गाडी गेली बघ."

त्यानं बॉनेटवरनं नजर फिरवली, चहाचा घोट घेतला. "आरशागत आहे की मर्दा. कुठं गेली?"

दिवसाच्या हिशेबानं त्याचं बरोबर होतं. दिवसा सावलीत आभाळाचा उजेड सगळीकडून येतो, त्यात चरे बुडून जातात. एकाच ठिकाणाहून येणारा झगझगीत दिवा मात्र कुणाचं काही झाकत नाही. हे बघायला टोलनाक्यापर्यंत जायला पाहिजे असंही नाही. घरातलं रोजच्या वापरातलं स्टीलचं ताट बल्बखाली धरा, तीच वर्तुळं दिसतील. वास्तविक ताट घासणाऱ्याचा हात उभा, आडवा, तिरका, सुचेल तसा फिरलेला असतो. पण दिव्याचा उजेड आपल्या डोळ्यांकडं परतवतात ते त्याच्या वाटेत आडवे पडलेले चरे. बाकीचे गप्प राहतात. त्या आडव्यांची दिव्याभोवती रांग लागते आणि आपल्याला वाटतं, गोल गोल घासलंय.

हे एवढं ठासून सांगतो, कारण माझी सगळी नोकरी चऱ्यांवरच झाली. बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, उद्यमबागेत, सत्तावीस वर्षं ग्राइंडिंग आणि होनिंगवर आहे, म्हणजे लोखंडी भाग घासून मापाला आणायच्या कामावर. बेळगाव म्हटलं की बाहेरच्या माणसाला कुंदा आठवतो, मांडे आठवतात, नाहीतर सीमाप्रश्न. पण आमच्या अनगोळच्या घरांतल्या चुली पेटतात त्या फाउंड्र्यांवर, मशीन शॉपवर आणि हायड्रॉलिकच्या कारखान्यांवर. हायड्रॉलिक व्हॉल्व्हमध्ये एक स्पूल असतो, गुळगुळीत दांड्यासारखा, तो ज्या भोकात, म्हणजे बोअरमध्ये, मागंपुढं सरकतो त्यात आणि स्पूलमध्ये मोकळीक असते पाच-दहा मायक्रॉनची. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. तर दिवसभर केसाच्या सातव्या-आठव्या हिश्शासाठी जॉब, म्हणजे घासलेला भाग, नाकारणारा, पोरांना शिव्या घालणारा माणूस नऊ वर्षं असली गाडी चालवत होता आणि त्याला दिसलं नव्हतं.

घरी येईपर्यंत हत्तरगी गेलं, काकती गेलं, मित्र झोपला. माझ्या डोक्यात एकच: हे केलं कुणी?

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला मिळालं. गेटच्या आतल्या खिळ्यावर पिवळा फडका लटकत असतो. तो घेतला, झटकला आणि सवयीनं छतावरची धूळ पुसायला हात उचलला. आमच्याकडची धूळ लाल. खानापूर, जांबोटीच्या बाजूला जांभा दगड आणि तांबडी माती. पूर्वेला बैलहोंगल-अथणीकडं काळी. आमची गाडी दर रविवारी खानापूरच्याच बाजूला जाते, बायकोचं माहेर नंदगडला. त्या तांबड्या धुळीतले बारीक खडे फडक्यात अडकतात आणि मग फडका फडका राहत नाही, पाणी पेपर होतो, रंगारी पाणी लावून घासतात तो सँडपेपर. पाण्याचा थेंब न वापरता, रोज, मायेनं, जोर लावून मी माझ्या गाडीवर पाणी पेपर मारत होतो. शेजारीपाजारी म्हणायचे, गाडी ठेवावी तर ह्यांनी. त्यांच्या गाड्यांवर धूळ बसलेली असायची, दोन-दोन आठवडे. पावसानं ती आपोआप धुऊन जायची. त्यांची गाडी नंतर दिव्याखाली बघितली. माझ्यापेक्षा बरी निघाली. हे दुःख कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

फडका त्या दिवशी बायकोच्या हवाली केला. तिनं तो गॅसच्या ओट्याला लावला.

आता घासायचं ठरवलं तर बाहेर देण्याचा रस्ता होताच. एका ठिकाणी जाऊन बघितलंही. तिथल्या पोरानं एका गाडीच्या दारावर लोकरीच्या पॅडचं मशीन असं फिरवलं की पाच मिनिटांत दार लखलखलं. खिशातली बॅटरी काढून मी वाकून बघितलं. जाळं गेलं होतं आणि त्याच्या जागी पॅड फिरल्याच्या रुंद, धूसर लाटा होत्या, उन्हात हलतील अशा. शिवाय दोन धुण्यांत जुने चरे परत वर येणार हे वासावरून कळत होतं. पॉलिशमधलं तेल चऱ्यांत भरून बसतं आणि चार दिवस सगळं छान दिसतं. मी काही बोललो नाही. आपल्या शॉपमध्ये कुणी असं फिनिश दिलं असतं तर बोललो असतो.

म्हणून मशीन घेतलं. गणपती झाल्यावर ते आलं आणि खोकं उघडायच्या आत पितृपक्ष लागला. बायको म्हणाली, नवं काही वापरायचं नाही. मी म्हटलं, मशीन नवं असलं तरी गाडी जुनी आहे, जुनंच घासायचंय. त्यावर आई देवघरातून म्हणाली, "घासू दे गं त्याला, तेवढाच घरात राहील."

हे ड्युअल अॅक्शन जातीचं मशीन. साध्या रोटरी बफमध्ये पॅड एकाच खुंट्याभोवती गरगर फिरतं, जात्यासारखं. ह्यात पॅड स्वतःभोवती फिरतं आणि तो खुंटाही मधल्या आसाभोवती लहानसा फेरा घेत असतो. माझ्या मशीनचा फेरा पंधरा मिलिमीटरचा. त्यामुळं एकाच रेघेवरून पॅड सारखं जात नाही, एके ठिकाणी उष्णता साठत नाही आणि त्या धूसर लाटाही पडत नाहीत. दाबलं की पॅड स्वतःभोवती फिरायचं थांबतं आणि नुसतं थरथरतं. नवशिक्याच्या हातात द्यायला म्हणूनच हे बरं: चुकलास की ते कामच थांबवतं. पॅड फिरतंय का हे कळावं म्हणून मागच्या प्लेटवर मार्करनं एक जाड रेघ मारून घेतली. रेघ फिरताना दिसली पाहिजे. शॉपमध्ये चकवर खडूची रेघ मारतो तसंच.

सरळ गाडीवर हात चालवायची छाती नव्हती. भंगारवाल्याकडून एक जुनं लाल बॉनेट वजनावर आणलं, कुठल्यातरी जुन्या मारुती ८०० चं. उन्हानं ते गुलाबी पडलेलं, हात फिरवला तर तळव्याला पावडर लागायची. अंगणात दोन विटांवर ठेवून मशीन लावलं. दोन मिनिटांत पॅड कुंकवात बुडवल्यासारखं लालभडक आणि पत्र्यावर दोन फूट चौकोनात असा काही लाल रंग उगवला की आई बाहेर येऊन बघून गेली. त्या बॉनेटवर पारदर्शक थर नव्हता, रंग उघडाच होता. त्यामुळं पॅडला रंग लागणं ठीक. माझ्या गाडीचं तसं नाही. तिथं काळ्या रंगावर काचेसारखा पारदर्शक क्लिअर कोट आहे. सगळे चरे त्या काचेत. तिथं पॅडला काळं लागलं तर समजायचं, काच संपली.

हे वाक्य मी स्वतःला मोठ्यानं म्हणून दाखवलं होतं. पुढं काय झालं ते सांगतोच.

पहिला शनिवार नुसत्या धुण्यात गेला. दोन बादल्या, एकीत शांपू, दुसरीत साधं पाणी. फडका गाडीवरून आला की आधी साध्या पाण्यात पिळायचा, मगच शांपूत. पाणी नळाचं, राकसकोपच्या धरणाचं. बोअरचं वापरलं तर थेंब वाळून पांढरी कडी उमटतात, ती वेगळी घासत बसा. धुऊन गाडी चकचकीत दिसायला लागली तेव्हा एक गोष्ट केली जी कुणीही करून बघावी. पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात चढवली, ज्यात भाजीवाला कोथिंबीर देतो तसली, आणि बोटं हलकेच बॉनेटवरून फिरवली. उघड्या हाताला जे गुळगुळीत वाटत होतं ते पिशवीतून खरखरीत लागलं. अंगावर काटा यावा तसं. सत्तावीस वर्षं उद्यमबागेत उघड्यावर लावलेली गाडी. पैकी ही नऊ वर्षं. फाउंड्रीची धूळ, ग्राइंडिंगच्या ठिणग्या विझून उडालेली लोखंडाची कणी, मोल्डिंगची वाळू. लोखंडाचा कण रंगावर बसतो, दवानं गंजतो आणि तिथंच रुतून राहतो. धुऊन जात नाही.

त्याला क्लेचा गोळा लागतो, मुलांच्या खेळण्यातल्या मातीसारखा. साबणाचं पाणी सढळ फवारायचं आणि गोळा चपटा करून नुसता सरकवायचा, दाबायचा नाही. पहिल्या चार हातांत तो करकरला, मग आवाज बारीक होत गेला आणि शेवटी साबणावर साबण घसरावा तसा निसटायला लागला. उलटून बघितलं तर पिवळ्या गोळ्यात तपकिरी ठिपके, नाचणीच्या भाकरीवर दिसावेत तसे. माझ्या हयातीतल्या ग्राइंडिंगची ती उधारी. एकदा गोळा हातातून निसटून जमिनीवर पडला. सरळ फेकून दिला. जमिनीवर पडलेला क्ले आणि जमिनीवर पडलेला टॉवेल, दोघांनाही माफी नाही.

खरं काम रविवारी. पोर्चमध्ये गाडी आत घेतली, कारण उन्हात पत्रा तापतो आणि पॉलिश काम करण्याआधीच वाळून पावडर होते. रबरी पट्ट्या, काळं प्लॅस्टिक, सगळ्या कडा निळ्या टेपनं झाकल्या. काळ्या खरखरीत प्लॅस्टिकला पॉलिश लागलं तर पांढरे डाग बसतात आणि ते टूथब्रशनं काढत बसावं लागतं. वायपरखाली मी एके ठिकाणी टेप विसरलो, तो डाग अजून आहे.

बॉनेटच्या मधोमध टेपची एक पट्टी लावली. तिच्या एका अंगाला काही करायचं नाही, दुसऱ्या अंगाला करून बघायचं. सगळ्यात मऊ पॅड, सगळ्यात सौम्य पॉलिश, तिथून सुरुवात. नाही भागलं तर वरची पायरी. वाटाण्याएवढे चार ठिपके पॅडवर. मशीन बंद असतानाच ते पत्र्यावर टेकवून ठिपके पसरायचे, नाहीतर चालू करताच भिंतीवर, शर्टवर, आकाशकंदिलावर. मग कमी वेगात पसरवून घ्यायचं, वेग पाचवर न्यायचा आणि हात मात्र सावकाश. इतका सावकाश की माणसाला कंटाळा यावा: सेकंदाला इंचभर. आधी आडव्या फेऱ्या, अर्धी फेरी अर्धीवर चढवत, मग उभ्या. पॉलिशमधले अॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण घासता घासता फुटून बारीक होतात. सुरुवातीला ते कापतात, शेवटी फक्त चमक आणतात. दुधट थर पातळ होत पारदर्शक झाला की थांबायचं.

पुसून, पाण्यात मिसळलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून पुन्हा पुसलं. तेलाची खोटी चमक ह्यानं उतरते, उरतं ते खरं. टेप ओढली आणि बॅटरी लावली.

टेपच्या डावीकडं तेच जाळं. उजवीकडं बॅटरीचा एक ठिपका, काळ्या पाण्यात पडल्यासारखा, आणि त्याच्याभोवती काही नाही. सरळ रेघेनं तोडलेलं. मी बायकोला हाक मारली, मुलाला उठवला, आईला खुर्ची दिली. मुलगा म्हणाला, "पप्पा, आता डावीकडचं जास्तच घाण दिसतंय." ते मात्र शंभर टक्के.

पलीकडच्या गल्लीतले काका दूध घेऊन परत चालले होते. थांबले. "काय करुलालास गा?"

"पॉलिश."

"लावल्यावर किती दिवस टिकतंय?"

हा प्रश्न त्या दोन आठवड्यांत मला निदान दहा जणांनी विचारला, आणि त्यात सगळा घोटाळा आहे. आपण बुटाला पॉलिश लावतो, भांड्याला कल्हई लावतो. लावलेलं टिकतं, मग उडतं, पुन्हा लावायचं. गाडीचं पॉलिश ह्या घराण्यातलं नाहीच. ते शहाबादी फरशीच्या पॉलिशच्या घराण्यातलं. फरशीवाले मशीन फिरवून गेले की घरात राखाडी चिखल होतो. ती फरशीच असते, पातळ झालेली. चरा काही उचलून बाहेर काढता येत नाही. चरा म्हणजे खड्डा, खड्डा कोण कसा काढणार? त्याच्या भोवतीचं सगळं खड्ड्याच्या तळापर्यंत खाली आणायचं, मग खड्डा राहत नाही. काकांना मी म्हटलं, लावत नाही, काढुलालोय. ते म्हणाले, "काढून चमकतंय?" आणि दुधाची पिशवी हलवत निघून गेले.

कंपनीतून येणाऱ्या गाडीवर पत्र्यापासून वरपर्यंत सगळे थर मिळून साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन. गंज अडवणारा पहिला थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर क्लिअर कोट, साधारण चाळीस मायक्रॉनचा. केसाहून पातळ. उन्हातल्या अतिनील किरणांपासून रंगाला वाचवतो तोच. हलक्या पॉलिशच्या एका हातात एक-दोन मायक्रॉन जातात, जोरकस कटिंगला त्याहून जास्त. म्हणजे ती एक ठेव आहे, गाडीबरोबर आलेली. तिच्यात भर घालायची सोय नाही, व्याज नाही, फक्त काढायचं. रोजच्या पिवळ्या फडक्यानं मी नऊ वर्षं चिल्लर काढत होतो. आता ते मिटवायला नोट काढत होतो. ग्राइंडिंगवाल्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. जॉबवर मटेरियल सोडलं असेल तेवढंच घासता येतं, मापाच्या जरा खाली गेलास की तो भंगारात. हे मी पोरांना रोज शिकवतो.

तीन सुट्ट्या लागल्या. दारं, डिकी, छत. छताला पाट घेतला. एकदा ऐन रंगात लाईट गेली आणि पॉलिश दारावर वाळलं. एकदा पाऊस तिरका आत आला. मशीन अडीच किलोचं, संध्याकाळी जेवताना घास तोंडापर्यंत नेताना हात थरथरायचा. आणि कंटाळा म्हणाल तर जराही नाही. शॉपमध्ये मायक्रॉन मोजतो तो गेजवर, काटा सांगतो. इथं डोळा सांगत होता, कान सांगत होता. पॅड भरलं की आवाज जड होतो, ब्रशनं झटकलं की पुन्हा मोकळा. पॉलिश संपत आलं की कोरडी कुजबुज ऐकू येते. चौथ्या चौकोनापासून मी डोळे मिटून सांगू शकलो असतो.

राहिला होता एक चरा.

तो ह्या जाळ्यातला नव्हता. जानेवारीत संकेश्वरच्या बाजूला उसाची ट्रॉली ओलांडताना बसलेला. ज्यांनी गळीत हंगामात चिक्कोडी-निपाणीकडचे रस्ते बघितलेत त्यांना सांगायला नको: ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, दोन्ही अंगांनी हातहातभर बाहेर लोंबणारा ऊस, दिव्याचा पत्ता नाही. पाला नुसता लागून गेला असता तर चाललं असतं, जरी उसाच्या पात्यात सिलिका असते आणि त्याची कड हाताला कापते. पण मधल्या एका दांडक्याचं टोक बॉनेटच्या डाव्या उंचवट्यावरून ओढत गेलं. वीतभर लांब पांढरी रेघ. नख आडवं फिरवलं की अडकायचं. नख अडकलं म्हणजे चरा क्लिअर कोटात फार खोल गेलाय, पॉलिशनं जाणार नाही, तसाच सोडायचा. हा पहिला धडा. मला तो पाठ होता. मी तो काकांनाही सांगितला होता.

सगळी गाडी काळ्या पाण्यासारखी झाली आणि ती रेघ तेवढी दिसायला लागली. आधी ती शंभरांत एक होती. आता एकटीच. जेवताना दिसायची, रात्री डोळे मिटले की दिसायची. माझ्या मशीननं ती थोडी बोथट झाली, पुढं ढिम्म. सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या दिवशी एका दोस्ताच्या वर्कशॉपमधून रोटरी आणली. जात्यासारखं फिरणारी. म्हटलं, दोनच हात, हलके. पहिल्या हातात रेघ निम्मी झाली. दुसऱ्या हातात पाव. माणूस जिथं थांबायला पाहिजे ती जागा ही. तिसऱ्या हाताला पॅडच्या कडेवर मला काळं दिसलं.

ते काळं बघून मी मशीन लगेच उचललं नाही. अर्धा सेकंद मला वाटलं, छान, मळ निघतोय.

उचललं तेव्हा उंचवट्याच्या अगदी कडेवर नखाएवढा ठिपका मंद झालेला, आणि त्याच्या मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढं करडं प्रायमर. ओला रंग कडेवरून दोन्ही अंगांना ओघळतो, म्हणून कडेवर थर मुळातच पातळ. आणि पॅडचा सगळा भार तिथंच येतो. हेही मला ठाऊक होतं. ऊस ज्यानं लादला त्याला मी आठ महिने शिव्या देत होतो. त्यानं केली होती फक्त रेघ.

दुसऱ्या दिवशी रंगारी मामांना बोलावलं. डेंटिंग-पेंटिंगमध्ये त्यांची चाळीस वर्षं गेली. मूळचे बैलहोंगलकडचे, घरात कन्नड, आमच्याशी मराठी, आणि रंगाच्या गोष्टी दोन्हींच्या मिश्रणात. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, हात पाठीमागं बांधून, लग्नात मुलगी बघावी तशी. छताकडं वाकून बघितलं. दारात स्वतःचे दात बघितले. "चलो आगेद," म्हणाले. छान झालंय. मग ठिपक्यापाशी आले आणि नुसते 'च्' म्हणाले.

मी विचारलं, पूर्ण बॉनेट रंगवू का? त्यांनी मान हलवली. कंपनीत नुसत्या पत्र्याच्या सांगाड्यावर रंग भाजतात, शंभर-दीडशे अंशांच्या भट्टीत. आपल्याकडं गाडीत वायरी, प्लॅस्टिक, सीटा सगळं असताना साठाच्या वर कोण नेणार? "एवढ्याश्यासाठी सगळा ओरिजिनल काढायचा? ब्रशनं टच देतो. जवळनं दिसंल. दिसू दे की."

चहा येईपर्यंत ते बोलत बसले. सुरुवात त्यांनी खडेबाजारात बोर्ड रंगवण्यापासून केली होती. एका दुकानाचा पत्र्याचा बोर्ड वर्षानुवर्षं तेच रंगवायचे, म्हातारा मालक गेला, मुलानं नवीन बोर्ड करायला सांगितलं. २०१४ साली एक नोव्हेंबरपासून बेळगावचं बेळगावी झालं, त्यानंतरची गोष्ट. जुना पत्रा चांगला जाड होता म्हणून मामांनी तोच घासायला घेतला. पाणी पेपर मारत गेले तसं कन्नड गेलं, त्याखाली कन्नड-मराठी दोन्ही असलेला एक थर आला, त्याखाली नुसतं मराठी, मालकाच्या बापाच्या नावाचं. "सगळी अक्षरं माझीच," मामा हसत म्हणाले. "खालचं तेवढं माझ्या गुरूचं." ज्या पाट्यांवरून दोन्हीकडच्यांची डोकी फुटतात, त्या रंगवणारा बहुतेक वेळा एकच माणूस असतो, आणि त्याला दोन्हीकडून पैसे उशिरा मिळतात. मी विचारलं, मग पत्र्यापर्यंत घासलंत? ते म्हणाले, "नाही. गुरूच्या अक्षरावर थांबलो. वरनं प्रायमर मारला."

चहा झाला. मी त्यांना दाखवावं म्हणून माझं मशीन पुन्हा प्लगला लावलं. म्हटलं, ठिपक्याच्या भोवतीचं जरा मिळवून घेतो, कड एवढी उठून दिसणार नाही. पॅडवर दोन ठिपके टाकले. मशीन टेकवलं. चालू करायच्या आत मामांनी वायर धरली.

"साक् बिडरी, सर," म्हणाले. "यष्ट तिक्कतीरी?"

पुरे, सोडा. किती घासाल? बेळगावात राहणाऱ्याला एवढं कन्नड भाषांतर न करता कळतं. लहानपणापासून ऐकलेलं: ताटात भात वाढताना साकु, बसमध्ये माणसं कोंबताना साकु, भांडण फार वाढलं की गल्लीतल्या कुठल्यातरी अक्कांचं साक् बिडरी. मराठीत 'पुरे' म्हणताना माणूस जरा चिडलेला असतो. ह्यात ते नाही. ह्यात कुणीतरी खांद्यावर हात ठेवतं. मी प्लग काढला.

नवरात्राच्या नवव्या दिवशी, खंडेनवमीला, शॉपमधल्या मशीनची पूजा दहाला होती. त्याआधी घरची गाडी. बायकोनं झेंडूचा हार आणलेला. मी तो बॉनेटवर आडवा टाकू दिला नाही, दोऱ्यानं आणि वाऱ्यानं रंग घासतो. खाली जाळीला बांधला. ती काही बोलली नाही, बघितलं तेवढं. चारी टायरांखाली लिंबं ठेवली. आई हळदीकुंकवाचं तबक घेऊन आली, बॉनेटपाशी थांबली आणि काळ्या पत्र्यात तिला आधी तिचाच चेहरा दिसला. तिनं पदर सारखा केला.

मी खिशातल्या मायक्रोफायबरच्या टॉवेलवर हात ठेवून उभा. कुंकू पाण्यात कालवलेलं. दरवर्षी ती मधोमध स्वस्तिक काढते आणि त्याची लाल छटा दिवाळीपर्यंत जात नाही.

"हे काय रे पांढरं?" तिनं डाव्या कडेकडं बोट केलं. मामांचा टच अजून झाला नव्हता.

"घासताना गेलं."

"एवढं कशाला घासायचं?" म्हणाली, आणि अंगठा कुंकवात बुडवून तिनं नेमका तिथं टिळा लावला. दाबून, कपाळाला लावतात तसा. थोडं पाणी ओघळून हेडलाइटपर्यंत गेलं. मग तिनं त्यावर चार अक्षता चिकटवल्या, मागं सरकली, एकदा टिळ्याकडं आणि एकदा माझ्या खिशाकडं बघितलं.

"काढ आता गाडी," म्हणाली. "लिंबं वाळायला लागली."